बाराशे तीस विजयांची वाटणी

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जूनमध्ये समाप्त होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सप्टेंबरअखेर, खेळाडूंनी अद्याप सरावाच्या चेंडूला हातही लावलेला नसताना, तो असंख्य चाहत्यांच्या टिपणवह्यांत आद्यन्त खेळला जाऊन त्याचा निकालही लागलेला असतो, आणि त्यानंतरचे आठ महिने मैदानावर जे काही चालते ते केवळ या निकालावरील लांबलेले अपील असते. असा निकाल लिहिण्याची काही एक रीत आहे, काही एक शिरस्ता आहे. आणि पहाटेचा गजर लावून न्यूयॉर्कचा किंवा बॉस्टनचा सामना पाहणारा व त्याच दिवशी दहाच्या ठोक्याला कचेरीत डोळे चोळीत हजर होणारा मराठी मनुष्य आता दुर्मीळ राहिलेला नसल्यामुळे, त्याच्या सोयीसाठी ती रीत येथे नमूद करून ठेवणे इष्ट वाटते.

भाकिताची सामग्री उन्हाळ्यातच गोळा करावी. जुलै महिन्यात लास व्हेगास येथे नवोदितांची जी स्पर्धा भरते, तिच्यात आपल्या संघातील एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा एका सामन्यात तीस गुण मिळवून गेला, तर तेवढ्या आधारावर त्याच्या नावे पुढील दहा वर्षांचे उत्पन्न धरण्यास हरकत नाही. न मिळवले, तर या स्पर्धेला कोणी जाणता मनुष्य किंमत देत नाही हे सर्वविदितच आहे. पुढे सप्टेंबरच्या अखेरीस सर्व संघ छायाचित्रांसाठी आणि वार्ताहरांच्या मुलाखतींसाठी एकत्र येतात, तेव्हा प्रत्येक खेळाडू आपण आयुष्यात कधी नव्हतो इतके तंदुरुस्त आहोत असे जवळजवळ शपथेवर सांगतो. कोणी पंधरा पौंड स्नायू कमावून आलेला असतो, कोणी पंधरा पौंड वजन घटवून; दोन्ही वार्ता सारख्याच शुभ समजाव्यात, आणि पंधरातून पंधरा वजा करण्याचा मोह आवरावा. यांखेरीज, निर्मनुष्य व्यायामशाळेत, समोर अडवणारा कोणी नसताना, लागोपाठ दुरून बास्केट करणाऱ्या खेळाडूंच्या ज्या चित्रफिती ऑगस्टमध्ये प्रसृत होतात, त्या साक्षीपुराव्यात दाखल करून घ्याव्यात. अशा साक्षीची ग्राह्यता काय, असे कोणी विचारलेच, तर बेन सिमन्सचे प्रकरण दप्तराच्या तळाशी सरकवावे. कारण २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, फिलाडेल्फियाने सर्वप्रथम निवडलेला हा खेळाडू उन्हाळ्यामागून उन्हाळे चित्रफितींत अचूक नेम साधीत राहिला, आणि नियमित हंगामातील त्याचा पहिला तीन गुणांचा बास्केट झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये.

सामग्री जमली की आकड्यांकडे वळावे, आणि येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. संघ तीस, नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला ब्याऐंशी सामने, प्रत्येक सामन्याला संघ दोन आणि विजय मात्र एक, कारण बरोबरीत सोडवण्याची सोय या खेळात नाही. तीसला ब्याऐंशीने गुणून निम्मे केले असता संपूर्ण हंगामाचे विजय १२३० भरतात, आणि कोट्यधीश मालकांपैकी कोणालाही आजवर ही रक्कम एकाने वाढवून घेता आलेली नाही. आता कोणत्याही सरळमार्गी चाहत्याची वही मागून घ्यावी आणि तीसही संघांपुढे त्याने लिहिलेल्या विजयांची समासात बेरीज करावी. ती १२३० च्या आत आल्याचे क्वचितच आढळेल. ज्या संघाने गेल्या वर्षी बावन्न सामने जिंकले तो आता मुरला म्हणून पंचावन्न जिंकणार. ज्याने तीस जिंकले त्याची तरुण मंडळी वर्षाने मोठी झाली म्हणून तो अडतीस जिंकणार. आणि ज्याने बावीस जिंकले तो याहून खाली जाणार तरी कोठे, म्हणून त्यालाही अठ्ठावीस. एकेकटे घेतले तर यातील प्रत्येक कारण बिनतोड आहे. परंतु तीसही कारणे एका ताळेबंदात आली की शंभरेक विजय असे निघतात की जे मिळवणारे सर्व आहेत आणि गमावणारा कोणीही नाही.

या शिलकेची विल्हेवाट लावणे हाच भाकीतशास्त्राचा गाभा होय. आपल्या संघाचे विजय कमी करणे हा एक मार्ग ग्रंथपूर्तीसाठी सांगावयाचा, त्यावर कालापव्यय करू नये. राहिला मार्ग वसुलीचा: ज्या संघांचे चाहते आपल्या ओळखीत नाहीत अशा संघांवर हा सारा बसवावा. २०२४-२५ च्या हंगामात युटा, वॉशिंग्टन आणि शार्लट या संघांनी अनुक्रमे सतरा, अठरा व एकोणीस सामने जिंकले, आणि तेव्हापासून वसुलीच्या दृष्टीने ही तीन नावे विशेष सोयीची ठरली आहेत. वीस-वीस विजयांचा सारा लावला असता युटाच्या नावे उणे तीन विजय शिल्लक राहतात. त्याने गोंधळून न जाता ते पुढील सालाच्या खात्यावर ओढावेत. या व्यवहारात अन्याय आहे असे समजण्याचेही कारण नाही, कारण देणेकऱ्याची त्याला मूक संमती असते. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनी तळाच्या तीन संघांना नव्या खेळाडूंच्या सोडतीत पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी चौदा टक्के संधी दिली. तेव्हा मार्च महिन्यात असा एखादा संघ आपल्या उत्तम खेळाडूचा घोटा अचानक दुखू लागल्याचे जाहीर करतो, तो एक प्रकारचा स्वखुशीने केलेला भरणाच असतो. मात्र एखादा देणेकरी कधी बंड करून उठेल याचा नेम नाही. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३-२४ मध्ये सलग अठ्ठावीस सामने हरले आणि वर्षाअखेरीस त्यांच्या पदरी अवघे चौदा विजय पडले. त्यांच्यावर वसुली लावण्यात कोणाच्याही मनाला टोचणी लागली नसेल. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चव्वेचाळीस सामने जिंकून कित्येक वह्यांत तीस विजयांचे भगदाड पाडले.

नामवंतांच्या बेरजेविषयी एक कलम स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. एखाद्या संघात चार कीर्तिमान खेळाडू एकत्र आले, तर त्यांच्या कीर्तीची बेरीज करून ती विजयांच्या रकान्यात उतरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि तीत बदल सुचवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. २०१२ साली कोबी ब्रायंट आणि पाउ गॅसोल यांच्या जोडीला स्टीव्ह नॅश व ड्वाइट हॉवर्ड आणून लॉस एंजेलिस लेकर्स संघाने अशीच एक देदीप्यमान बेरीज सिद्ध केली. पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक माइक ब्राऊन यांना नारळ देण्यात आला, हंगामात पंचेचाळीस विजय मिळाले, आणि पहिल्याच बाद फेरीत सॅन अँटोनियोने त्यांना चार सामन्यांत घरी पाठवले. ब्रुकलिनमध्ये केविन ड्युरंट, कायरी अर्विंग आणि जेम्स हार्डन या त्रयीचा संसार मोडण्यापूर्वी नियमित हंगाम आणि बाद फेरी मिळून ते तिघे एकत्र खेळले ते सोळा सामने. यावरून सुज्ञ भाकीतकर्त्याने एवढाच बोध घ्यावा की प्रत्येक विधानाच्या आरंभी ‘सर्वांची प्रकृती उत्तम राहिल्यास’ हे चार शब्दांचे, परंतु कोणत्याही वकिलाने हेवा करावा असे वाक्य घालावे. खुद्द संघटनेलाही या बाबतीत फारसा भरवसा नसावा, कारण प्रमुख पारितोषिकांसाठी किमान पासष्ट सामने खेळलेच पाहिजेत असे फर्मान तिला २०२३-२४ पासून काढावे लागले.

आता पक्षपाताविषयी. निःपक्षपाती भाकीत ही कल्पना न्यायासनास शोभणारी असली तरी चाहत्याला ती परवडत नाही, आणि मराठी चाहत्यापुढे तर एक खास अडचण आहे. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची मालकी २०१३ पासून ज्यांच्या नेतृत्वाखालील मंडळींकडे आली ते विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले गृहस्थ. आणि जगाच्या पाठीवर कोठेही रणदिवे हे आडनाव दिसल्यावर मराठी मनुष्य आकडेमोड बाजूला ठेवून ‘आपल्यांपैकी कोणाचे कोण?’ या संशोधनास लागतो. केवळ आडनावाच्या ओलाव्याने ज्यांनी हा संघ दत्तक घेतला, त्यांच्या निष्ठेची परीक्षा नियतीने कसून पाहिली. २००६ नंतर किंग्जना बाद फेरीचे दर्शन नव्हते, आणि ही उपासमार तब्बल सोळा हंगाम टिकली. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड त्यांच्या हाती होती आणि लुका डॉन्सिच हा स्लोव्हेनियन तरुण समोर उपलब्ध होता. किंग्जनी मार्विन बॅगली याला निवडले. घरच्या कार्यात कोणी आहेर विसरला तर जसे त्याची चर्चा पाहुण्यांसमोर करीत नाहीत, तसे या प्रसंगाबाबत मौन पाळण्याचा संकेत आहे. अखेरीस २०२२-२३ मध्ये अठ्ठेचाळीस विजय मिळाले, प्रत्येक विजयानंतर मैदानाच्या छपरावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सोडण्याचा प्रघात पडला, आणि वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून ज्यांची एकमताने निवड झाली ते लेकर्समधून पाच सामन्यांत बाहेर पडलेले हेच माइक ब्राऊन होते. बाद फेरीत सातव्या सामन्यात गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने पन्नास गुण करून हा उत्सव संपवला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राऊन यांना सॅक्रामेंटोनेही निरोप दिला. जो प्रशिक्षक एकमताने सर्वोत्तम ठरतो त्याला दोन वर्षांच्या आत काढले जाते, ही गोष्ट भाकितात कोणत्या रकान्यात बसवावी याचा विचार पुष्कळ केला. शेवटी ‘संकीर्ण’ हा रकाना त्यासाठीच असतो असे ठरले.

हंगामपूर्व सराव सामन्यांचे वजन किती धरावे, याविषयीचा दंडक सोपा आहे. आपला संघ जिंकला तर तो भविष्याचा स्पष्ट संकेत. हरला तर प्रशिक्षक प्रयोग करीत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सराव सामने झाले, तेव्हा रणदिवे यांचे किंग्ज त्यांच्याच जन्मगावी इंडियाना पेसर्सकडून दोन्ही सामने हरले, त्यांतील पहिला जादा वेळेत अवघ्या एका गुणाने. मुंबईकरांनी दंडकानुसार हा प्रयोग समजून घेतला. त्या हंगामात इंडियाना बाद फेरीत पोचले आणि सॅक्रामेंटो पोचले नाहीत, तेव्हा प्रयोगाचा निष्कर्ष निर्विवाद होता असे म्हणावे लागते.

विजेत्याचे नाव लिहिताना हात थोडा थांबवावा. गतवर्षीच्या विजेत्यालाच पुन्हा विजयी ठरवणे हे आळशी परंतु समंजस माणसाचे भाकीत दिसते. तथापि २०१९ पासून २०२५ पर्यंत टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन आणि ओक्लाहोमा सिटी असे सात वर्षांत सात निरनिराळे विजेते झाल्यामुळे समंजसपणाचा भाव बराच उतरला आहे. सर्वाधिक सामने जिंकणाऱ्यावर भिस्त ठेवावी, तर २०१५-१६ मध्ये त्र्याहत्तर सामने जिंकून विक्रम करणारा गोल्डन स्टेट अंतिम मालिकेत तीन विरुद्ध एक अशा आघाडीवरून क्लीव्हलँडकडून हरला. तळाच्या पात्रांना तुच्छ लेखावे, तर २०२३ मध्ये मायामी आठव्या स्थानावरून थेट अंतिम मालिकेत जाऊन बसले. यास्तव भाषेचाच आश्रय घ्यावा, आणि त्यासाठी गुढीपाडव्याला वाचल्या जाणाऱ्या संवत्सरफलाचा अभ्यास करावा. काही प्रांतांत पर्जन्य विपुल, काही प्रांतांत मध्यम, क्वचित अवर्षण, असे लिहिणाऱ्या त्या पूर्वसूरींना आजवर कोणीही खोटे पाडू शकलेले नाही.

खेळाडूंच्या अदलाबदलीच्या संकटावर मात्र संवत्सरफलही उपयोगी पडत नाही. डॅलस संघ २०२४ मध्ये अंतिम मालिका खेळला, त्याच्या डॉन्सिचचे वय अद्याप पंचविशीतले. आणि फेब्रुवारी २०२५ च्या एका मध्यरात्री त्याला लेकर्सच्या हवाली करण्यात आल्याची वार्ता आली, जी प्रथम कोणालाच खरी वाटेना. ज्यांनी त्यानंतर डॅलसच्या पुढे काट मारली, त्यांना ती मे महिन्यात पुसावी लागली, कारण सोडतीत अवघी १.८ टक्के संधी असताना पहिली निवड डॅलसच्याच नावे निघाली आणि कूपर फ्लॅग हा मुलगा त्यांच्या घरी आला. अशा घटना अगोदर सांगणारा मनुष्य भेटलाच, तर त्याच्याशी स्नेह ठेवावा, पण पैशाचा व्यवहार ठेवू नये.

लिहून झालेले भाकीत पहिल्या सामन्यापूर्वी तारीख घालून मोहोरबंद करावे, आणि एप्रिलपर्यंत मित्रमंडळींना त्याची आठवण होणार नाही अशी काळजी घ्यावी. एप्रिलमध्ये कैफियत देण्याचा प्रसंग आलाच, तर प्रथम दुखापती, नंतर पंच, आणि अगदी शेवटी प्रशिक्षक, या अनुक्रमाने दोष वाटावा; चाहत्याच्या अंदाजाची पाळी या अनुक्रमात येत नाही. होतकरूंच्या सोयीसाठी एका संघाच्या भाकिताचा मसुदा नमुन्यादाखल खाली देत आहे, तो नावे बदलून कोणत्याही सालात वापरता येईल.

‘सॅक्रामेंटो. सर्वांची प्रकृती उत्तम राहिल्यास, नव्या-जुन्यांचे सूत जमल्यास आणि प्रशिक्षक नाताळपर्यंत पदावर राहिल्यास, विजय ४६. यांपैकी कोणतीही दोन कलमे न पाळली गेल्यास, विजय ३१. पश्चिमेकडील कॉन्फरन्समध्ये स्थान सहावे ते तेरावे. मुख्य खेळाडूची अदलाबदल झाल्यास ती भाकीतकर्त्यास पूर्वीच अभिप्रेत होती असे समजावे. वर दाखवलेल्या विजयांपैकी अकरा विजय कोठून येणार याचा तपास चालू असून, तूर्त ते युटाकडून येणे आहेत.’