दोनदा भाजलेला हुरडा

माझा छापखाना अंबाजोगाईत आहे म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो. मुकुंदराजांचं गाव, दासोपंतांचं गाव, तिथला छापखानेवाला म्हणजे काहीतरी वाङ्मयीन प्रकरण असणार असं त्याला वाटतं. मीही खुलासा करत नाही. प्रत्यक्षात बावीस वर्षं मी मुंडकी छापतोय.

म्हणजे असं, की कुणातरी भाऊंचा किंवा दादांचा वाढदिवस येतो, फ्लेक्सवर मधोमध भाऊ गॉगल लावून उभे राहतात आणि खाली शुभेच्छुकांची चाळीस मुंडकी तालुक्यातल्या वजनाप्रमाणे लहान-मोठी बसवायची असतात. त्यात कुणाचं डोकं अर्ध्या इंचानं कमी झालं तर रात्री अकराला फोन येतो. एकदा घाईत एकाच पोराचं डोकं दोनदा बसलं. त्यानं येऊन पाया पडून पैसे दिले.

लग्नपत्रिकांचीही हीच कथा. एका पत्रिकेत ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ ही ओळ चौकटीत मावेना, म्हणून संगणकावर ओढाताण करताना शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला तो गेलाच, आणि आठशे घरांत ‘आहेर स्वीकारला जाणार’ अशी घोषणा पोचली. मी चार दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. पाचव्या दिवशी वधूपिता आले आणि एक शब्द न बोलता पूर्ण बिल रोख देऊन गेले. बावीस वर्षांतलं ते एकमेव रोखीचं बिल.

तर एका पावसाळ्यात रस्त्यावर पडलेला माझाच फ्लेक्स एका म्हशीच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून पाहिला आणि मनात एकदम दासोपंत आले. हा माणूस १६१५ मध्ये गेला. त्यानं लांबच लांब कापडावर, आकृत्या काढून, वेदान्त लिहिला. ती पासोडी आमच्या गावात अजून आहे. म्हणजे अंबाजोगाईतला पहिला फ्लेक्स तोच, आणि त्यावर शुभेच्छुक एकही नाही! गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या वेगळ्याच. त्यांना म्हणे रोज ढब्बू पैशाची शाई लागायची. मला रोज हजारोंची लागते, आणि तिच्यातून भाऊंचा गॉगल निघतो.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, “मी आता स्वतःच्या हातानं काहीतरी छापणार.”

ती म्हणाली, “आधी गव्हाचं पोतं उचला.”

कारण अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ट्रेडल मशीन मागच्या खोलीत त्याच पोत्याखाली होतं. त्यावर कूलर, कूलरवर पोरांची सायकल. उकरून काढलं तर लोखंड ठणठणीत, पण रोलरचे नुसते दांडे उरलेले. जुने रोलर सरस आणि गूळ आटवून ओतलेले असायचे. उसाच्या जिल्ह्यातल्या उंदरांनी ते सावकाश, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या, खाल्ले होते. रबराचे बसवून घेतले. मग शाईचा डबा उघडला तर आत डांबराची वडी. मी कुठंतरी वाचलं होतं, की १८४१ मध्ये पहिलं मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी सोवळ्या गिऱ्हाइकांसाठी शाईत चरबीऐवजी तूप घालत. मग काय, स्वयंपाकघरातून दोन पळ्या साजूक तूप आणून घोटलं. त्यांची पोथी छापून निघत असेल, माझा पहिला कागद मात्र पुरीसारखा तेलकट होऊन बाहेर आला. नवी शाई आणली. तुपाचा हिशेब घरात अजून चालू आहे.

छापायचं काय, तर हुरड्याचं आमंत्रण. शेत आहे, जानेवारीत ज्वारी हुरड्यात येते, चाळीस मित्र बोलवायचे, पत्र माझ्या हातचं. खिळे जुळवायला बसलो. लहानपणी अण्णांनी मला खिळ्यांच्या केसला कधी हात लावू दिला नव्हता. का, ते पहिल्या तासात कळलं. मराठीला काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, खण शेकड्यानं, आणि त्यांतले निम्मे मीच लहानपणी चोरून खेळताना एकमेकांत ओतलेले. अख्ख्या केसमध्ये ‘ळ’ एकच निघाला. तो ‘सकाळी’ला द्यावा लागला. त्यामुळे ‘मित्रमंडळी’चं ‘मित्रहो’ झालं, मेनूतला गूळ रद्द झाला आणि पाठोपाठ गूळभेंडी ज्वारीचं नावही गेलं. आमच्या हुरड्यात काय असावं हे शेवटी खिळ्यांनी ठरवलं.

तीन रात्री गेल्या. दोनदा जुळवलेल्या ओळी जमिनीवर सांडल्या, एकदा पायडलवरचा पाय एका लयीत आणि कागद घालणारा हात दुसऱ्या लयीत चालला आणि करंगळी थोडक्यात वाचली. तिसऱ्या रात्री दीडला पहिला नीट कागद निघाला. मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती. मी बायकोला उठवलं. पोरांना उठवलं. सकाळी एका भाऊंचा फ्लेक्स द्यायचा होता, ते साफ विसरलो. भाऊ एक दिवस उशिरा जन्मले.

पत्रं वाटली. रविवारी निम्मेच लोक आले.

बाकीचे बुधवारी उगवले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. त्यामुळे ३ चा खिळा ६ दिसतो आणि ६ चा ३. हे अंबाजोगाईतल्या प्रत्येक जुन्या कंपोझिटरला ठाऊक होतं. मी ३ नीट निरखून, खात्री करून उचलला होता. ‘रविवार, दि. १६ जानेवारी.’ प्रूफ मी तीनदा वाचलं होतं, पण डोळे सगळा वेळ त्या एकुलत्या ‘ळ’वर. ज्यांचा वारावर विश्वास, ते १३ ला आले. ज्यांचा तारखेवर, ते १६ ला. त्या वर्षी संक्रांत १५ ची, म्हणजे १६ ला किंक्रांत. बायकोनं त्या मुहूर्तावर पुन्हा चटणी कुटली, पुन्हा दही लावलं, मी पुन्हा आगटी पेटवली आणि धुरात डोळे पुसत कणसं भाजत बसलो.

बुधवारच्या घोळक्यात अण्णांच्या वेळचे कंपोझिटर मामा होते. त्यांनी पत्र उन्हात धरलं, उलटं केलं, मागून अंगठा फिरवला.

“आकडा चुकलास बाबा,” ते म्हणाले. “पर दाब ब्येस बसलाय.”

मी ते वाक्य संध्याकाळपर्यंत सहा जणांना सांगितलं. पहिला अर्धा भाग वगळून.

रात्री भांडी आवरताना बायको म्हणाली, “पुढच्या वर्षी तारीख अक्षरी टाका. आणि गूळ घाला.”

मी मान डोलावली. ‘ळ’ अजून एकच आहे.