दर तासाला पावणेपाच वर्षं

आमच्या विद्यापीठाच्या इतिहास अभ्यास मंडळाने यंदा एक पराक्रम केला. 1818 ते 1960 हा महाराष्ट्राचा सगळा इतिहास दोन क्रेडिटांत बसवला. पेशवाई बुडाल्यापासून मंगल कलश येईपर्यंतची 142 वर्षं. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, दोनाचे 30. भागाकार केला की दर तासाला साधारण पावणेपाच वर्षं पदरात पडतात. पूर्वी हाच पेपर वर्षभर चालायचा आणि तरी पुरा व्हायचा नाही. आता तो नक्की पुरा होईल, कारण अपुरा राहण्याइतका वेळच ठेवलेला नाही.

कागदावर हिशेब फार देखणा दिसतो. वर्गात मात्र एक तास असा उगवतो, की 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन होते, 1873 मध्ये जोतीराव फुले सत्यशोधक समाज काढतात आणि 1875 मध्ये सुप्याला शेतकरी सावकारांचे कर्जरोखे पेटवतात. सगळं एकाच तासिकेत. त्यात पहिली दहा मिनिटं हजेरीची, म्हणजे सार्वजनिक सभा 'प्रेझेंट सर'मध्येच आटोपते. मंडळाच्या बैठकीत एका मॅडमनी भीत भीत विचारलं, "फुल्यांना निदान एक अख्खा तास देता येईल का?" अध्यक्ष म्हणाले, "देऊ की मॅडम. पण मग रानडे कुणाच्या तासात बसवू, ते तुम्हीच सांगा." मॅडम गप्प बसल्या. फुल्यांना वीस मिनिटं मंजूर झाली.

तरी इतिहासावर एवढी चर्चा झाली हेच नवल. अशा बैठकीत खरा विषय एकच असतो: वर्कलोड. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायला हवेत. पेपर गेला की तास जातात, तास गेले की पदावर गदा येते, आणि पदावर येण्याआधी ती तासिका तत्त्वावरच्या पोरांवर येते. त्यामुळे जो तो आपला पेपर पदराखाली झाकूनच बैठकीला येतो. यात हसण्यासारखं काही नाही. पोटाचा प्रश्न आहे. हसू येतं ते पुढे.

कारण नव्या शैक्षणिक धोरणाने जितके पेपर कापले, तितक्याच टोपल्याही दिल्या. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी. मेजरमधून हाकललेला पेपर यातल्या कुठल्या ना कुठल्या टोपलीत वेषांतर करून परत येतो. मराठ्यांचे किल्ले असे बाहेर पडले आणि एसईसी या कौशल्याच्या टोपलीत 'वारसा पर्यटन मार्गदर्शक' होऊन आत आले. समर्थनार्थ युनेस्कोचा दाखला जोडला, की 2025 मध्ये 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला जिंजी तमिळनाडूत असल्याने तिथला वर्कलोड आपल्याकडे वळवता येणार नाही, अशी खंत एका सरांनी व्यक्त केली. मोडी लिपी व्यावसायिक कौशल्याच्या व्हीएससीत सुखरूप पोचली. प्राचीन भारत आयकेएसमध्ये, म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीच्या टोपलीत ठेवला, तिथे त्याला कुणी हात लावत नाही.

चहा-वडे झाल्यावर निष्पत्ती, म्हणजे पेपर शिकून मुलांना काय करता येईल ते, लिहायला घेतल्या. शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी 1956 मध्ये शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, 2001 मध्ये त्यांची फेरमांडणी झाली आणि सर्वांत वर 'निर्मिती' बसली. आमच्यापर्यंत ब्लूमसाहेब पोचले ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्रियापदांच्या तक्त्यातून. मुलांना विषय समजणं हे मोजता येत नाही, म्हणून ते लिहायचं नाही, असं कार्यशाळेत बजावलेलं होतं. निर्मिती मात्र हवीच. तेव्हा चौथी निष्पत्ती अशी ठरली: 'विद्यार्थी एका लोकचळवळीचा आराखडा तयार करील.' बैठकीला हजर असलेल्या एका प्राचार्यांनी ती तातडीने कापायला लावली. त्यांच्या महाविद्यालयात शुल्कवाढीविरुद्ध मुलांनी नुकताच तसा आराखडा तयार केला होता.

मग आला निष्पत्ती जुळवण्याचा तक्ता. उभ्या रांगेत आपल्या पेपरच्या निष्पत्ती, आडव्या रांगेत अख्ख्या पदवीच्या, आणि प्रत्येक चौकटीत 3, 2, 1 किंवा आडवी रेघ. सगळीकडे 3 भरले तर संशय येतो आणि फार रेघा मारल्या तर नॅकवाले विचारतात. म्हणून अनुभवी माणूस आकडे डोळ्यांना बरे दिसतील असे पेरतो. 'पर्यावरण व शाश्वतता' आणि 'दख्खनचे दंगे' यांच्या चौकटीवर गाडं अडलं.

"रेघ मारा," मॅडम म्हणाल्या.

"थांबा. कर्जरोखे जाळले ना? म्हणजे धूर झाला," शेजारचे सर म्हणाले. "1 द्या."

1 दिला.

संदर्भग्रंथांची यादी जुन्या अभ्यासक्रमातून जशीच्या तशी उचलली. त्यातली निम्मी पुस्तकं आमच्या ग्रंथालयात नाहीत आणि उरलेली बाजारात नाहीत. भर पडली ती फक्त दोन सदस्यांच्या स्वतःच्या पुस्तकांची. पुढे विद्याशाखेने आणि विद्या परिषदेने इतर ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर हाही एका दमात संमत केला. संकेतस्थळावर तो आला तेव्हा सत्र सुरू होऊन महिना लोटला होता. त्यावरचं गाइड मात्र कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाच्या दिवसांपासूनच मिळत होतं.

हा पेपर शिकवायला मिळाला तो अर्थातच तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांना. बैठकीला त्यांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. पोरगा इमानदार निघाला. 1857 वर रेंगाळला, फुल्यांवर चांगले तीन तास खर्च केले, आंबेडकरांच्या महाडच्या सत्याग्रहापाशी मुलं प्रश्न विचारू लागली म्हणून तिथे थांबला. तेवढ्यात युवक महोत्सव आला, अंतर्गत परीक्षा आल्या, दिवाळी आली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ राहिली ती राहिलीच.

परीक्षेत प्रश्न तिच्यावरच पडला. 10 गुणांचा, सक्तीचा. मुलांनी आठवीच्या पुस्तकात वाचलेलं आठवून आठवून लिहिलं आणि बहुतेकांना सात-सात, आठ-आठ गुण पडले. ते गुण तक्त्यात भरल्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घटकाची निष्पत्तीपूर्ती 3 आली, म्हणजे सर्वोच्च. ज्या घटकांवर सरांनी जीव ओतला, त्यांची 2 आली. विभागाने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला आहे.