प्लगराव

एप्रिल २००६. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर शेजारी उभा. हातात एक सीडी आणि चेहरा नुकताच स्मशानातून परतल्यासारखा. त्याची आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती, त्यामुळे माझ्या पोटात धस्स झालं.

"काय झालं?"

"गिटार," तो म्हणाला.

मला कळेना. "कुणाची?"

"सगळ्या गाण्यांत. अकराच्या अकरा गाण्यांत."

त्याला आत घेतलं. बायकोने चहा टाकला. एरवी बिनसाखरेचा पिणाऱ्या त्या माणसाने कपात तीन चमचे साखर ढकलली, तेव्हा प्रकरण किती खोल आहे ते समजलं. आई बरी होती. 'इरेजर' या बँडचा नवा अल्बम आला होता.

आम्ही दोघं घरात त्याला प्लगराव म्हणतो. धंद्याने वायरमन. बासिल्डनमधल्या निम्म्या घरांत त्याने कधी ना कधी फ्यूज बसवलाय. त्याचा विजेवर जो विश्वास आहे तो आपल्याकडच्या माणसांचा विठोबावर असतो. फरक इतकाच, की वीज बोलावल्यावर येते.

बासिल्डन हे लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात, १९४९ मध्ये सरकारने कागदावर आखून वसवायला घेतलेलं गाव. देवळं, किल्ले, समाध्या काही नाही. चौक आहेत, त्यांच्यापुढे आणखी चौक आहेत. अशा गावाला अभिमानासाठी काहीतरी लागतंच. मी मिरजेचा. आमच्याकडे तंतुवाद्यं बनवणारी गल्ली आहे, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्र-रात्र गाणं चालतं. बासिल्डनकडे आहे विन्स क्लार्क. इथल्याच पोरांना घेऊन त्याने डेपेश मोड हा बँड उभा केला, आणि गिटार-ड्रमच्या राज्यात नुसत्या सिंथेसायझरवर १९८१ मध्ये पहिला अल्बम काढला. प्लगराव तेव्हा सतरा वर्षांचा होता. "त्याच्या घराजवळच्या मासे-बटाट्याच्या दुकानात मी रांगेत उभा राहायचो," तो आजही सांगतो. विन्स त्या रांगेत असायचा का, असं विचारलं की म्हणतो, "असेलही. मी त्या वयात मागे वळून बघायचो नाही."

पहिला अल्बम निघाला आणि विन्स डेपेश मोडमधून बाहेर पडला. मग ॲलिसन मोयेटबरोबर याझू. दोन अल्बम झाले, तीही चूल मोडली. मग १९८५ मध्ये 'मेलडी मेकर' साप्ताहिकात गायक पाहिजे म्हणून जाहिरात दिली, तीतून अँडी बेल मिळाला आणि इरेजर जन्मला. हे सगळं प्लगराव भाऊबंदकीतल्या वाटण्या सांगाव्यात तसं सांगतो: कोण कुणाच्या वाट्याला गेलं, जुना सिंथेसायझर कुणाकडे राहिला. तो स्वतः प्रत्येक वेळी विन्सबरोबर निघाला. विन्सला अर्थात याची कल्पना नाही.

अशा भक्ताचं आयुष्य बाहेरून सुखाचं दिसतं. १९८८ पासून इरेजरचे लागोपाठ पाच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९९२ मध्ये त्यांनी ॲबाची चार गाणी यंत्रांवर करून घेतली, तीही पहिली आली. तो धंद्याच्या मोटारीतून गावभर हिंडत होता आणि गावभर त्याचीच गाणी वाजत होती. पण आत एक जुनी जखम होती. याझूचं 'ओन्ली यू' १९८२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडलं होतं. पुढच्याच वर्षी फ्लाइंग पिकेट्स नावाच्या सहाजणांनी तेच गाणं कुठलंही वाद्य न घेता नुसत्या तोंडाने म्हटलं, आणि १९८३ चा ख्रिसमस त्यांच्या नावावर लागला. पहिला क्रमांक. "सहा माणसं," प्लगराव सहा बोटं दाखवतो, "आणि एकाचीही वायर कुठे जोडलेली नाही." या गोष्टीला तेव्हा तेवीस वर्षं होत आली होती, पण डिसेंबरात दुकानात ते गाणं लागलं की तो भाजी तिथेच टाकून बाहेर येतो.

आणि आता घरच्यांनीच हे केलं होतं. अल्बमचं नाव 'युनियन स्ट्रीट'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या त्याच नावाच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत केलेला. स्वतःचीच जुनी, त्यातून फारशी न गाजलेली गाणी, साध्या गिटारीवर, वर अमेरिकन कंट्री संगीताची फोडणी.

"१९९७ च्या अल्बमचं नावच 'काउबॉय' होतं," तो चहा ढवळत म्हणाला. "पण आत सगळी यंत्रंच होती. नावात काउबॉय, अल्बमात घोडा नाही. मी म्हटलं, गंमत केलीये. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

मी समजूत घालायला म्हटलं, विन्सला गिटार येते ना? गाणी गिटारीवरच रचतो ना? वाचलंय मी कुठेतरी.

"माहितीये मला," तो म्हणाला. "आचारी आत घामाघूम होऊन भाजी ढवळतो, हेही माहितीये. म्हणून त्याने पंगतीत येऊन घाम दाखवायचा का?"

(आचारी आणि पंगत माझी. त्याने हॉटेलचं उदाहरण दिलं होतं. घाम त्याचाच.)

माणसं अशी का होतात, याचं मला नवल वाटत नाही. माझे आजोबा रंगभूमीवर 'एकच प्याला'तली सिंधू होणाऱ्या बालगंधर्वांचे भक्त. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ महाराज झाले, म्हणजे पुरुषवेषात आले, तेव्हा आजोबा सांगलीला थिएटरातून अर्ध्यात उठले. वाटेत कुणीतरी विचारलं, आवडला नाही का सिनेमा? म्हणाले, "सिनेमाचं काय घेऊन बसलात, आमच्या सिंधूला मिशा फुटल्या." पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी कुठलीही गोष्ट बिघडली, म्हणजे दूध नासलं, जावई दारू पिऊ लागला, तरी तिला 'मिशा फुटणं' म्हणत. प्लगरावच्या यंत्राला त्या दिवशी मिशा फुटल्या होत्या.

मी म्हटलं, अरे, पण गायक तोच आहे ना? अँडी बेल छान गातो.

"तेच," तो म्हणाला. "त्याचा श्वास ऐकू येतो."

"मग?"

"मला माणसांचे श्वास ऐकायचे असते, तर मी लग्न नसतं का केलं?" थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "अँडी आणि मी एकाच वर्षी जन्मलो. चौसष्ट. यंत्रांच्या मागे तो अजून चोवीसचाच होता."

चहा संपवून गेला.

जूनमध्ये अण्णा आले. माझे वडील, निवृत्त शिक्षक, पहाटे पाचला तानपुरा लावून बसणारे. विमानात तो आणता येईना म्हणून पुतण्याने त्यांच्या बॅगेत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घातला होता. अण्णांनी तो लंडनला उतरल्यापासून उघडला नव्हता. त्याला ते 'डबडं' म्हणत. माळ्यावर यंत्रं भरून ठेवणारा प्लगराव आणि हे एकमेकांसमोर येऊ नयेत, अशी माझी खटपट होती. पण अण्णा रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहायचे, आणि प्लगराव सहाला मोटार लावायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे मैत्री लवकर झाली.

एका रविवारी त्याने आम्हाला माळ्यावर नेलं. शिडीने. माळा म्हणजे देवघर होतं. १९८० च्या दशकातला बीबीसी मायक्रो संगणक, कारण विन्सने त्याच्यावर गाणी बांधली. एक प्रो-वन सिंथेसायझर, कारण याझूच्या काळात विन्सकडे होता. प्लगरावला यातलं काहीही वाजवता येत नाही. दर रविवारी तो यंत्रं चालू करतो, एक पट्टी दाबून धरतो आणि सगळे दिवे लागतात का ते बघतो.

मग त्याने न्यायनिवाड्यासाठी अण्णांना बसवलं. 'होम' नावाचं एकच गाणं दोन्ही रूपांत: आधी २००६ चं, मग १९९१ चं.

अण्णांनी डोळे मिटून पहिलं ऐकलं. मी दुभाषा.

"मुलगा सुरेल आहे," अण्णा म्हणाले. "या लोकांकडे एरवी यंत्रं असतात म्हणतोस ना?"

"हो."

"मग रेकॉर्डिंगच्या दिवशी लाइट गेली होती का?"

यात विनोद नव्हता. त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन इतकं होतं, की दिवसातली लाइटची वेळ धरून लग्नाचे मुहूर्त काढायचे. अण्णांना वाटलं, ब्रुकलिनलाही दुपारी जात असेल. मी भाषांतर केलं. प्लगराव दोन महिन्यांत प्रथमच हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग मला म्हणाला, ते वाक्य मराठीत कसं म्हणायचं? अण्णांनी शिकवलं: लाइट गेली. तो दहा-बारा वेळा घोकत बसला. शिक्षकच ते, "आणि उलट, लाइट आली," हेही त्यांनी पाठ करून घेतलं.

नंतर दुसरं रूप. मग प्रो-वन. प्लगरावने एक खर्जातली पट्टी दाबली आणि फिल्टरची मूठ अगदी सावकाश फिरवत नेली. आधी मुका, गोणपाटाखाली दाबल्यासारखा आवाज. मग तो हळूहळू उघडत गेला, त्यातून वरचे सूर एकेक करून बाहेर पडू लागले. अण्णा ताठ बसले.

"जवारी!" ते म्हणाले.

ज्याने तानपुरा लावलाय त्याला हे सांगायला नको. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर मागेपुढे सरकवायचा. एका जागी तार नुसती टणटण करते. जरा सरकवला की तीच तार खुलते, भुंग्यासारखी गुंजायला लागते, आणि एका सुरातून अनेक सूर ऐकू येतात. मिरजेचे कारागीर त्यासाठी तासन्‌तास घोडी घासत बसतात. इथे तेच काम एक काळी मूठ करत होती. अण्णांनी मूठ हातात घेतली. अर्धा तास सोडली नाही. "इथे... नाही, जरा मागे... हां!" प्लगराव एका बोटाने पट्टी दाबून उभा होता, पडद्यामागच्या पेटीवाल्यासारखा.

मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, घरच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला तुम्ही डबडं म्हणता. हेही डबडंच की."

"ते तानपुऱ्याचं सोंग घेतं," अण्णा मूठ न सोडता म्हणाले. "हे कुणाचं सोंग घेत नाही. सोंग घेतलंय त्या गिटारवाल्या तबकडीने."

हे मी प्लगरावला इंग्रजीत सांगितलं. त्याने खिशातून दुकानाची एक पावती काढली, तिच्या पाठीवर ते लिहून घेतलं, घडी केली आणि पाकिटात ठेवली. माझ्या मते अण्णांनी अल्बमवर जरा अन्यायच केला. पावसाळी दुपारी तो मी एकटा असताना लावतो, आवाज बारीक करून, कारण दोन घरांमधली भिंत पातळ आहे.

अण्णा ऑगस्टमध्ये परत गेले. प्लगरावची तक्रार कमी झाली नाही, पण तिला घाट आला. त्याच वर्षी इरेजरने नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या पंढरीत, रायमन सभागृहात याच पद्धतीने कार्यक्रम केला. त्याचं चित्रण बाजारात आलं, तेव्हा हा पुन्हा सकाळी दहाला दारात उभा. म्हणाला, "लाइट गेली." आणि वळून घरी गेला. चहाही घेतला नाही.

मे २००७ मध्ये पुन्हा बेल वाजली. शनिवारच होता. दाढी केलेली, हातात नवी सीडी, अजून प्लास्टिकमध्ये. या अल्बमात गिटारी नाहीत, सगळी यंत्रं परत आली आहेत, हे त्याने आधीच काढून ठेवलं होतं. त्याने वेष्टनावरच्या नावावर बोट ठेवलं: 'लाइट ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड'. पहिल्या शब्दावर बोट तसंच धरून ठेवलं आणि मिरजेच्या शुद्ध उच्चारात म्हणाला, "अण्णांना कळवा, लाइट आली."