गणनेवरचे मास्तर

जनगणनेची ड्युटी एकदा केलेले मास्तर पुढं जन्मभर ओळखू येतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ कौतुकानं सांगतात, ‘‘धाकटा पुण्याला एम.बी.ए. करतो.’’ बाकीचे ‘वा वा’ म्हणतात. मास्तर भातावर वरण ओढता ओढता म्हणतात, ‘‘म्हणजे पदवी पूर्ण. एम.बी.ए. व्हायचंय अजून.’’ गृहस्थांचा घास हातातच राहतो. मास्तरांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांनी फक्त खण भरलेला असतो.

असे मास्तर मूळचे बहुधा पेडण्याचे नाही तर डिचोलीचे. नोकरी म्हापशातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत, येणं-जाणं कदंबच्या बसनं. २०११च्या फेब्रुवारीत, ९ ते २८ तारखेच्या मोजणीत, त्यांच्या वाट्याला खोर्लीची किंवा अन्साभाटाची घरं आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म. ते फॉर्म पुढं यंत्र वाचणार होतं, त्यामुळे आकडा चौकटीच्या बाहेर जाऊन चालणार नव्हतं. मुलांच्या वह्यांत समास सोडायला शिकवण्यात ज्यांची वीस वर्षं गेली, त्यांना हे काम देवानंच नेमून दिल्यासारखं वाटलं. शुक्रवार मात्र फुकट जायचा. शुक्रवारी अर्धं म्हापसं बाजारात विकत असतं आणि उरलेलं अर्धं घेत असतं.

एकोणतीस प्रश्न होते. धर्म, भाषा, कामधंदा, सगळं सुरळीत पार पडायचं. गाडी अडायची ती शिक्षणाशी. तिथं दोन गोष्टी निरनिराळ्या विचारायच्या असत. एक, हा सध्या कुठल्या शिक्षणसंस्थेत जातो का? दुसरी, ह्याचं पूर्ण झालेलं सर्वांत वरचं शिक्षण कोणतं? सूचनापुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं: अजून शिकत असलेल्याची जी यत्ता खरोखर पास झालेली असेल तीच धरावी. मास्तरांना हे वाक्य इतकं आवडलं की ते त्यांनी पाठ केलं.

पण घरात बसलेली आई ही पुस्तिका वाचून आलेली नसते.

‘‘तो धावेंत आसा, मास्तर.’’

‘‘म्हणजे नववी पास.’’

‘‘नववी? धावेंत आसा म्हटलं मी!’’

‘‘आहे खरा. पण पास नववीच.’’

बाईंचा चेहरा उतरतो. महिन्याभरावर परीक्षा, क्लासचे पैसे भरलेले, बोडगेश्वराला नारळ बोललेला, आणि हा माणूस सरकारच्या कागदावर मुलाला मागं ओढतोय. ‘‘मात्शें रावात, निकाल लागूं दी,’’ ती म्हणते. मास्तर समजावतात की देश २८ तारखेपर्यंतच थांबणार आहे. मग ती चहा आणते. चहात साखर कमी असते.

दुसऱ्या घरी याच्या उलट. सहा वर्षांचा नातू जिन्यावर बसून ‘गोमन्तक’चा मथळा मोठ्यानं वाचतोय. आजी कौतुकानं पाहते आहे आणि मास्तर लिहिताहेत: निरक्षर. १९९१पासून जनगणनेत सात वर्षांखालचं मूल निरक्षरच धरतात, मग त्यानं ज्ञानेश्वरी वाचून दाखवली तरी. आजीला हे सांगायचं धाडस मास्तरांना झालं नाही. त्यांनी कोपर आडवं धरून खण भरला. परीक्षेत शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून मुलं धरतात, अगदी तस्सं. आणि पोराला लिमलेटची गोळी दिली.

आजोबांनी मात्र दमवलं. पंचाऐंशीचे गृहस्थ, पाठ ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. शिक्षण? ‘‘सेगुंद ग्राव.’’ पोर्तुगीज अमदानीत ही प्राथमिकची परीक्षा, आणि ती पास झालेल्याला गावात मान असे. पत्र लिहून घ्यायला, कचेरीतला कागद वाचून घ्यायला लोक त्याच्या दारी येत. सकाळी मराठी शाळेत पंतोजींकडे पावकी-निमकी, नंतर पोर्तुगीज शाळेत क्रियापदं. मास्तरांनी ‘प्राथमिक’ लिहिलं. आजोबांनी चष्मा मागवला, लिहिलेलं पाहिलं आणि मास्तरांना विचारलं, ‘‘तुझें शिक्षण कितें?’’ मास्तर म्हणाले, ‘‘बी.ए., डी.एड.’’ आजोबांनी पोर्तुगीजमध्ये एक क्रियापद सगळ्या पुरुषांत आणि दोन काळांत चालवून दाखवलं. मग म्हणाले, ‘‘आतां तूं एक चालय.’’ मास्तरांनी सही घेतली आणि निघाले. त्या घराबद्दल ते आजही आदरानंच बोलतात. पण ‘प्राथमिक’ खोडलं नाही म्हणून स्वतःबद्दल थोडं जास्त आदरानं बोलतात.

कॉलेजातल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं ती कुठं आहेत. ‘‘टी.वाय.ला आहे, पण एस.वाय.चे दोन पेपर आहेत, एफ.वाय.चा एक.’’ हे ऐकून मास्तर पेन क्षणभर खाली ठेवतात, पुन्हा उचलतात आणि शांतपणे लिहितात: बारावी पास. मुलगा खूश होतो, कारण आपण काय पास आहोत हे त्याला बऱ्याच दिवसांत कुणी इतक्या ठामपणे सांगितलेलं नसतं. वर्षभर घरी बसून प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुलगी ‘मेडिकलला’ असते आईच्या लेखी. फॉर्मच्या लेखी ती कुठंच जात नसते. इथं मास्तरांनाही वाईट वाटतं. सकाळी सहाला उठून अभ्यास करणारी मुलगी कागदावर रिकामी बसलेली दिसावी, हे काही त्यांना पटत नाही, पण पटण्यासाठी फॉर्ममध्ये जागा ठेवलेली नाही.

अलीकडे सरकारी पाहणीची मुलं टॅब घेऊन घरोघर फिरतात. रोजगाराच्या पाहणीत तर शिक्षण सांकेतिक आकड्यांत भरायचं असतं. नववीत असलेला आणि नववी झालेला दोघंही ‘मिडल’च्या एकाच आकड्यात जाऊन बसतात. ही मुलं वाट चुकली की लोक त्यांना मास्तरांकडे पाठवतात आणि मास्तरांना दुपारची झोप नको होते. त्यात गोव्यानं नवीन घोळ घालून ठेवलाय. २०२५पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, प्राथमिकचे मात्र जूनमध्ये. एकाच घरातला थोरला एप्रिलच्या उन्हात सातवीचं नवं पुस्तक घेऊन बसलेला, आणि धाकटा तिसरी संपवून, चौथी सुरू व्हायच्या अलीकडे, माडीवर मानकुराद चोखतोय. टॅबवाला विचारतो, ‘‘सर, हा सध्या कुठं शिकतो?’’ मास्तर म्हणतात, ‘‘आंबा संपू दे, मग विचार.’’ आणि मग गंभीर होऊन अर्धा तास समजावतात. टॅबवाल्याची बस चुकते.

मास्तरांचं खरं ओझं वेगळंच आहे. म्हापशात कुणाचं पोर कितवीत आहे हे देवळातल्या पालखीइतकं सार्वजनिक असतं, आणि कुणाचं पोर प्रत्यक्षात कुठं अडलंय हे मास्तरांना माहीत असतं. ‘‘हें खंय सांगचे न्ही मू?’’ असं दार अर्धं लोटून विचारणाऱ्या आया त्यांनी पाहिल्यात. मास्तर छाती काढून सांगत, १९४८चा जनगणना कायदा आहे, ही माहिती गुप्त असते, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. आणि त्यांनी ती गुप्तता पाळली. बाजारात केळीवाली मुलाची बढाई मारते, तेव्हा मास्तर मोयऱ्याच्या केळ्यांचा घड फिरवून फिरवून बघत राहतात. जिची गोष्ट त्यांना माहीत आहे ती भावात घासाघीस करत नाही. मास्तरांनी कधी मागितलं नाही, पण नाकारलंही नाही. कायद्यात केळ्यांबद्दल काही नाही.

आता २०२१ची राहिलेली जनगणना होतेय आणि लोकांची मोजणी २०२७च्या फेब्रुवारीत आहे. सगळं मोबाइलवर, शिवाय घरबसल्या आपली माहिती आपणच भरायची सोय. हे वाचल्यापासून मास्तर अस्वस्थ आहेत. ‘‘भरणार कोण? आई,’’ ते म्हणतात. ‘‘म्हणजे अख्खं म्हापसं एका रात्रीत एक यत्ता वर जाणार.’’ ते निवृत्तीला आलेत, पण ड्युटी लागली तर नाही म्हणायचं नाही, असं त्यांनी घरी सांगून ठेवलंय. बायकोनं त्यांची पिशवी परस्पर कुणाला तरी देऊन टाकली होती. ती त्यांनी परत आणवली.

परवाच्या शुक्रवारी मिरच्यांच्या ओळीत त्यांना ती २०११मधली बाई भेटली, नारळ बोललेली. मुलगा तेव्हाच दहावी झाला, चांगल्या मार्कांनी झाला. आता बाजाराच्या तोंडाशी त्याचं मोबाइलचं दुकान आहे, जोरात चालतं. ‘‘ह्या खेपेक तुमकां त्रास ना, मास्तर. आमीच भरतलीं,’’ ती म्हणाली.

‘‘भरा की. पण त्याचं शिक्षण काय लिहिणार?’’

‘‘बी.कॉम.’’

‘‘झालं?’’

‘‘दोनूच पेपर उरल्यात.’’

‘‘म्हणजे बारावी पास,’’ मास्तर म्हणाले.

बाईनं मिरच्यांची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. ‘‘पास जातलो हो तो,’’ ती म्हणाली, ‘‘तुमी मदीं येवंक नाकात.’’