तहानलेल्या फळ्या

उरणच्या मोरा बंदरातल्या आमच्या जुन्या घराला माडी आहे आणि माडीला सागाच्या फळ्या. स्वयंपाकघर खालून वर न्यायचं ठरलं, कारण वर खाडीचा वारा लागतो. (त्यात मीठही असतं, पण भाजीत ते वेगळं घालावंच लागतं.) ओटा, चिमणी, ट्रॉल्या यांवर चहा संपेपर्यंत एकमत झालं. फळ्यांना काय लावायचं यावर मात्र घर फुटलं.

पॉलिशमिस्त्री म्हणाला, "चपडा मारू. राजेशाही दिसेल." चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. एकोणिसाव्या शतकात उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या, त्यामुळे स्पिरिट इथल्या मातीला परकं नाही. पण चपड्यावर गरम, ओलं पातेलं टेकलं की पांढरं कडं उमटतं आणि सोड्याच्या पाण्याने पुसलं की राजेशाही फडक्यात येते.

मुंबईहून लाँचने आलेला भाचा म्हणाला, "पीयू लाव मामा, पॉलियुरेथेन, हाय ग्लॉस. आरशासारखं!" वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कचरा दोनदा दिसणार."

शेजारच्या नाखवांचा सल्ला होड्यांवरून आलेला. "लाकूड तहानलेलं असतं. तेल पाजा." पूर्वी होड्यांना माशाचं तेल चोपडत. त्याच्या गुणाबद्दल वाद नाही, पण माडीवर ते लावलं असतं तर बंदरावरच्या समस्त मांजरांनी सातबाऱ्यावर नाव मागितलं असतं. मग जवसाचं तेल सुचवलं गेलं. मिस्त्रीने बजावलं, "तेलाचे बोळे कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात."

"मग गॅस कशाला घ्यायचा?" आई म्हणाली.

अखेर तिनेच निकाल लावायचं ठरवलं. उरलेल्या फळीवर मिस्त्रीकडून सगळ्यांचे पट्टे, शिवाय त्याच्याकडच्या मेलामाइन पॉलिशचाही एक, मारून घेतले आणि प्रत्येकावर हळदीचं वाटण, कोकमाचं आगळ, बोंबील धुतलेलं पाणी आणि तापलेली कढई असा नैवेद्य मांडला. सकाळी पाहतो तर चपडा कढईखाली पांढराफटक. मेलामाइनवर हळदकुंकू झालेलं. तेलाच्या पट्ट्याने सगळं आगळ पिऊन टाकलेलं. नाखवा तहानेबद्दल खरं बोलले होते. पीयू तेवढा तगला. चकचकीत पीयूवर आईने पाट ओढून दाखवला, त्याचा ओरखडा दारातून दिसत होता. मॅट ठरला. तीन हात, मधे पॉलिश पेपर, आणि सगळं पावसाआधी, कारण दमट हवेत हात नीट वाळत नाही.

मिस्त्रीने रंगाचं कार्ड उघडलं: टीक, वॉलनट, महोगनी.

"यातला बोंबलाच्या कालवणाचा कुठला?" आईने विचारलं.

मिस्त्रीने क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे महोगनीवर बोट ठेवलं.