दहापट महाग

साबणाची जाहिरात लागली की आपण सगळे चाणाक्ष असतो. नव्व्याण्णव टक्के जंतू मेले म्हणजे नेमके कुणी मोजले, असं विचारून आपण चॅनल बदलतो. हाच माणूस सोमवारी गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या मीटिंगला बसतो, समोरच्या पडद्यावर एक उंच आणि एक बुटका असे दोन खांब उमटतात, आणि त्याची मान आपोआप डोलू लागते. खांबांखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. पण चष्मा नेमका केबिनमध्ये राहिलेला असतो.

अशाच मीटिंगांसाठी २००४च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमविरुद्ध 'गेट द फॅक्ट्स' नावाची मोहीम उघडली. पेच अवघड होता. समोरचा माल फुकट; त्याहून स्वस्त काय विकणार? तेव्हा फुकट हेच महाग कसं पडतं, ते सिद्ध करायचं ठरलं. यात तथ्य नव्हतं असं नाही. लिनक्सचा परवाना फुकट मिळतो, पण तो सर्व्हर रात्री दोन वाजता रुसला तर त्याची समजूत काढणारा माणूस फुकट मिळत नाही. तेवढ्यावर थांबले असते तर कुणी काही बोललं नसतं. पण ब्रिटनमधल्या एका जाहिरातीत लिनक्स विंडोजपेक्षा दहापटीहून महाग ठरलं.

तक्रार झाली. तिथल्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने बारीक अक्षरं वाचली. लिनक्स आयबीएमच्या अवाढव्य झेड-९०० मेनफ्रेमवर चालवलं होतं आणि विंडोज साध्या झिऑन प्रोसेसरच्या यंत्रावर. एका पाहुण्याला विमानाने आणायचं, दुसऱ्याला एसटीने, आणि मग पहिला पाहुणाच खर्चिक म्हणून बोटं मोडायची! जाहिरात दिशाभूल करणारी ठरली.

आता ही गोम मीटिंगमधल्या हुशार माणसांना दिसत नसेल का? मला वाटतं, चांगली दिसते. पण त्यांना प्रणालीइतकाच एक कागदही हवा असतो. उद्या सगळं बंद पडलं आणि वरून विचारणा झाली, तर 'मला वाटलं म्हणून घेतलं' असं सांगता येत नाही. 'अहवालात होतं साहेब' असं सांगता येतं. विकणाऱ्याला ही गरज आपल्याआधी कळलेली असते. म्हणून तो यंत्रापेक्षा अहवाल अधिक निगुतीने बांधतो.

याच मोहिमेत लंडन स्टॉक एक्स्चेंजही झळकलं होतं. एवढ्या मोठ्या शेअरबाजाराने विश्वासार्हतेसाठी लिनक्सऐवजी विंडोज निवडलं, मग तुमच्या नटबोल्टच्या कारखान्याला काय हरकत, असा एकूण सूर. जून २००७मध्ये तिथे विंडोजवरची 'ट्रेडइलेक्ट' ही प्रणाली सुरू झाली. ८ सप्टेंबर २००८ला, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या धंद्यातल्या कंपन्या अमेरिकी सरकारने ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सगळ्या जगाला व्यवहार करायची घाई झालेली असताना, हा बाजार सुमारे सात तास ठप्प झाला. दोष विंडोजचा की वर रचलेल्या सॉफ्टवेअरचा, हा वाद वेगळा. पण कौतुक करताना हा फरक कुणी केला नव्हता, म्हणून शिव्या देतानाही कुणी केला नाही.

पुढे २००९मध्ये या बाजाराने श्रीलंकेतली 'मिलेनियमआयटी' ही कंपनीच विकत घेतली आणि फेब्रुवारी २०११मध्ये मुख्य व्यवहार तिच्या लिनक्सवरच्या प्रणालीवर नेले. लिनक्सप्रेमींना केवढा आनंद! आता जाहिरात त्यांची होती, तीही फुकटात. दोन आठवडे व्हायच्या आत, २५ फेब्रुवारीला, लंडनचे व्यवहार पुन्हा चारेक तास थांबले. त्या दुपारी लिनक्सच्या गोटातली मंडळी, एखाद्या बिघाडावरून ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल घाईने मत बनवणं कसं अन्यायाचं आहे, हे एकमेकांना फार समंजसपणे समजावून सांगत असतील.