घरातील रंग बरखास्त करण्याची रीतसर पद्धत

ज्या गृहस्थांस घरातील रंग निकालात काढावयाचे आहेत, परंतु धोबी आणि यवतमाळचे वैशाखातील ऊन यांच्या मंदगती कारभारावर ज्यांचा भरवसा उरलेला नाही, त्यांनी औषधांच्या दुकानातून जखमा धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणवावे. १८१८ साली तेनार या फ्रेंच रसायनज्ञाने शोधलेला हा द्रव दिसावयास पाण्यासारखाच असल्यामुळे घरातून हरकत येण्याचा संभव नसतो.

आरंभ पाटोडीचा रस्सा सांडलेल्या रंगीत सदऱ्यापासून करावा. आतल्या शिवणीवर थेंबभर लावून पाहण्याची सूचना भित्र्या लोकांसाठी आहे. आपण बाटली थेट डागावर उपडी करावी. हळदीतील कुर्क्युमिन काय किंवा सदऱ्याचा रंग काय, दोहोंचे वर्णवैभव रेणूतील एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीवर उभे असते, आणि पेरॉक्साइड ती साखळी सापडेल तेथे तोडीत असल्यामुळे, डाग कोणता व नक्षी कोणती याची चौकशी करण्याची मुखत्यारी त्यास मुळी दिलेलीच नाही.

पांढऱ्या सुती धोतरावर मात्र निराशा पदरी येते. आपल्या काळ्या मातीतला कापूस गिरणीत बहुधा याच द्रवाने शुभ्र केलेला असतो, आणि सेल्युलोजला उडविण्याजोगा स्वतःचा रंग नसतो. तथापि धोतरास गंजलेल्या खिळ्याचा डाग असेल तर हिंमत सोडू नये: लोहाच्या संगतीने पेरॉक्साइड किती उग्र होते हे फेंटनने १८९४ मध्येच दाखविले असून, तेथे गंज जागच्या जागी राहतो, धागा तुटतो, आणि पुढल्या धुण्यात नेटके छिद्र मिळते. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विणल्या जाणाऱ्या डेनिमची नीळ चिवट. हवेतल्या प्राणवायूनेच ती निळी होते आणि अधिक कडक ऑक्सिडीकरणाने फिकट होते, म्हणून तेथे सबुरी हवी. सागवानी फडताळाचे पॉलिश उडालेला कोपरा अवश्य निवडावा, कारण उघड्या लाकडातील रंगद्रव्ये विरून तेथे पाहुण्यांच्या नजरेतून न सुटणारा पांढुरका ठिपका उमटतो. स्टेनलेस स्टीलच्या ताटांवर वेळ दवडू नये.

हा उद्योग चालू असता बोटांची कातडी पांढरी पडल्यास तो प्राणवायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा प्रताप समजावा. पाण्याने धुतल्यावर काही वेळाने तो ओसरतो. उरलेला द्रव तपकिरी बाटलीत, झाकण घट्ट लावून, सावलीत ठेवण्याचा प्रघात आहे, आपण ती बाटली झाकण सैल करून खिडकीत ठेवावी, म्हणजे प्रकाशाने व उष्णतेने द्रवाचे हळूहळू पाणी होते, आणि पुढल्या खेपेस त्यापासून सदऱ्याच्या रंगास काही धोका उरत नाही, हळदीसही नाही.